पेरूच्या खाद्यसहलीत गेलेले पावणेचार लाख

गेल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकाच्या क्लासमधल्या एका मुलीने मला जॉर्जियाच्या खाद्यसहलीची जाहिरात पाठवली आणि विचारलं, "काकू, जाऊ का हो?" खाली आयोजक मॅडमचं नाव वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. याच मॅडमच्या भरवशावर मार्च २०२४ मध्ये आम्ही आठ जण पेरू देशात गेलो होतो. घरच्यांपलीकडे आजवर कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. आता सगळं लिहिते, रकमांसकट.

मी पुण्यात राहते, माहेर अलिबागकडचं. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. पेरूच्या डोंगराळ भागात पाचामांका नावाचा प्रकार करतात, हे कळलं तेव्हापासून मला चैन पडेना. क्वेचुआ भाषेत पाचा म्हणजे भूमी आणि मांका म्हणजे भांडं. जमिनीत खड्डा, त्यात लालभडक तापवलेले दगड, त्यावर बटाटे, रताळी, वाकाताय नावाच्या उग्र पाल्यात मुरवलेलं मांस, वालाच्या जातकुळीत शोभतील अशा जाड सालीच्या हाबास शेंगा, वर ओली फडकी आणि सगळ्यावर माती. आमच्या पोपटीची बहीणच ही. आणि आपलं उपासाचं ताट बघा: बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सगळं मुळात अमेरिका खंडांतलं. बटाटा तर थेट अँडीज पर्वतातला. पेरूच्या राजधानीत, लिमात, १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि त्याच्या पेढीत बटाट्याचे चार हजारांवर वाण जपून ठेवलेत. क्लासमध्ये मी हे मुलींना पंचवीस वर्षं सांगत आले. एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच मनात होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका ओळखीच्या बाईंनी मला या मॅडमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. फक्त आठ जणांचा गट, बारा दिवस. लिमाच्या सुर्कियो बाजारात खरेदी करून सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, शिकायचं, अरेकिपा शहरात पिकांतेरिया, म्हणजे पारंपरिक खानावळ, चालवणाऱ्या बाईंच्या चुलीवर झिंग्यांचं चुपे नावाचं दाट सूप करायचं, कुस्कोजवळच्या खोऱ्यात "स्थानिक आजीच्या घरी पाचामांका". त्याच वर्षी लिमाचं सेन्त्राल जगातल्या पन्नास उत्तम रेस्तराँच्या यादीत पहिलं आलं होतं, तिथेही आमचं टेबल राखलेलं. डिसेंबरात सेविचेचं नाव युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं, त्या दिवशी मॅडमनी ग्रुपवर लिहिलं, "बघा, आपण योग्य वेळी चाललोय!" मला फार आनंद झाला होता.

लँड पॅकेज ३,७५,००० रुपये, विमान ज्याचं त्याने काढायचं. मी म्हटलं चेक देते, कंपनीच्या नावाने. मॅडम म्हणाल्या, "कंपनीत घेतलं तर पाच टक्के टीसीएस लावावा लागेल. माझ्या पर्सनल खात्यावर टाका, तुमचेच १८,७५० वाचतील." मी एक लाख यूपीआयने आणि उरलेले एनईएफटीने त्यांच्या बचत खात्यावर टाकले. पावती नाही, बिल नाही. इथे मी चुकले आणि ते स्पष्ट लिहिते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीने अवघड केलं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर जो टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा कर, कापतात तो खर्च नसतोच. आपल्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याच्या उताऱ्यात दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. जो आयोजक तो कापतो, त्याने तुमच्याशी व्यवहार केल्याची नोंद सरकारदरबारी राहते. मॅडमना नेमकी तीच नोंद नको होती.

आमचे हे तेव्हाच म्हणाले होते, "आराखड्यात इतक्या ठिकाणी ‘तत्सम’ का लिहिलंय?" हॉटेल अमुक किंवा तत्सम, जेवण अमुक किंवा तत्सम, अनुभव अमुक किंवा तत्सम. मी म्हटलं, सगळेच लिहितात. तो कागद आज पुन्हा वाचते तेव्हा दिसतं की लिहिणाऱ्याला पेरूचा स्वयंपाक माहीतच नव्हता. "रात्रीच्या जेवणाला पारंपरिक सेविचे" असं लिहिलं होतं. लिमात सेविचे दुपारी खातात. मासळी सकाळची असते, त्यामुळे बहुतेक सेविचेरिया (सेविचेच्या खानावळी) संध्याकाळच्या आत बंद होतात. अरेकिपाचं झिंग्यांचं चुपे मार्चमध्ये दाखवलं होतं, पण नदीतल्या त्या झिंग्यांची पकड डिसेंबरच्या शेवटापासून ३१ मार्चपर्यंत कायद्याने बंद असते. माचू पिच्चूची तिकिटं काढली असं मॅडमनी जानेवारीत सांगितलं. तिथलं तिकीट पासपोर्ट नंबरावर, ठरलेल्या तासाचं निघतं आणि आमचे पासपोर्ट त्यांनी मागितले फेब्रुवारीत. हे सगळं घरी बसून तपासता आलं असतं. कुणीच तपासलं नाही, कारण मॅडम आमच्यातल्याच वाटत होत्या.

निघायच्या रात्री मुंबई विमानतळावर मेसेज आला: आईला ॲडमिट केलंय, तुम्ही निघा, लिमाला आपला माणूस आहे. आजारी आईपुढे कोण काय बोलणार?

लिमाला एक मुलगा पाटी घेऊन उभा होता. बारांको भागातल्या हॉटेलऐवजी विमानतळालगतचं हॉटेल. सुर्कियो बाजारात आम्हाला दुपारी साडेचारला नेलं. सेविचेरियांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी धुऊन झालेली, ओल्या फरशीला लिंबाचा आणि मासळीचा वास. "उद्या करू," तो मुलगा म्हणाला. उद्या काही झालं नाही. सेन्त्रालला मी स्वतः मेल केला तेव्हा आमच्या नावाचं टेबल कधी नव्हतंच, हे कळलं. दुसऱ्या रात्री मॅडमचा मेसेज: अरेकिपाची फ्लाइट रद्द, आपण थेट कुस्कोला जाऊ, तिथे दोन दिवस जास्त मिळतील.

फ्लाइट रद्द झाली नव्हती, ती कधी काढलीच नव्हती. आणि यात पैशांपलीकडचा धोका होता. अरेकिपा साधारण २,३०० मीटरवर आहे, कुस्को ३,४०० मीटरवर. लिमा समुद्रकाठी. मधला टप्पा गाळून एका सकाळीत आम्ही समुद्रावरून ३,४०० मीटरवर गेलो. गटातले नाशिकचे काका एकाहत्तर वर्षांचे. संध्याकाळी त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. हॉटेलच्या मुलीने ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं, कोकाच्या पानांचा चहा दिला, डॉक्टर बोलावले. काकू रात्रभर त्यांच्या उशाशी बसून होत्या. मॅडमना चौदा फोन लावले. उत्तर आलं नाही. ती रात्र मी विसरणार नाही.

पाचव्या दिवशी खोऱ्यात गेलो. बस आली त्यात आधीच अठरा लोक बसलेले, आम्ही आठ. गाइड माइकवर दोन भाषांत बोलत होता. आराखड्यात "सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट" होतं, पण पिसाक गावच्या जुन्या अवशेषांच्या फाटकावर आमच्याकडून प्रत्येकी १३० सोल (पेरूचं चलन) घेतले, म्हणजे २,८०० च्या पुढे रुपये. दुपारी त्याच खोऱ्यातल्या उरुबांबा गावात एका मोठ्या हॉलसमोर बस थांबली. आत बुफे. "आजी कुठे आहेत?" मी विचारलं. गाइडने शेवटच्या टेबलाकडे बोट दाखवलं. स्टीलच्या ट्रेला पाटी होती: पाचामांका.

मी एक बटाटा उचलला आणि नाकाशी नेला. उकडलेला होता. पोपटीचा बटाटा फोडला की साल आणि गर यांच्यामध्ये धुराची पुसट करडी रेघ दिसते आणि पाल्याचा कडवट वास येतो. इथे काही नाही. हाबासच्या शेंगा हिरव्यागार, म्हणजे वाफेवरच्या. मांसावर वाकातायचा हिरवा सॉस वरून ओतलेला. मला तिथे रडू आलं. पावणेचार लाखांपेक्षा त्या बटाट्याने जास्त लागलं, कारण पंचवीस वर्षं ज्याबद्दल बोलले त्याची नक्कल माझ्या ताटात वाढली होती.

गाइड भला माणूस होता. त्याने आपल्या एजन्सीकडचं व्हाउचर मला फोनवर दाखवलं. त्यावर आमची आठ नावं आणि पुढे लिहिलं होतं: एसआयसी, बुफे लंच. पर्यटनाच्या धंद्यात एसआयसी म्हणजे सीट इन कोच, सगळ्यांच्या बसमधली एक जागा. खाजगी गट असेल तर व्हाउचरवर तसं लिहिलेलं असतं. मॅडमनी आमच्याकडून खाजगी गटाचे पैसे घेऊन तिकडे बसमधल्या जागा विकत घेतल्या होत्या. कुस्कोच्या चौकाभोवतीच्या दुकानांत तीच फेरी साधारण १०० सोलला मिळत होती, सव्वादोन हजार रुपये. त्या एजन्सीचेही अर्धे पैसे मॅडमनी थकवले होते. कुणी सहल विकायला आलं तर म्हणूनच सांगते: तिकडची कंपनी कोण, ते नाव मागा आणि निघण्याआधी प्रत्येक दिवसाचं व्हाउचर डोळ्यांनी बघा. खरा आयोजक दाखवतो. पेरूत प्रत्येक दुकानाला, हॉटेलला, एजन्सीला तक्रारवही ठेवावीच लागते, तिला लिब्रो दे रेक्लामासियोनेस म्हणतात. आम्ही एजन्सीच्या वहीत, त्यांच्याच मदतीने, काय विकलं होतं आणि काय मिळालं ते लिहून प्रत घेतली. आज तीच प्रत आमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे.

माचू पिच्चूला आम्ही तिघीच गेलो, रांगेत उभं राहून स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून. बाकीच्यांचं मन उडालं होतं.

पिसाकच्या बाजारात मी रोज एका बाईंकडून मका घ्यायचे. अनुवादाचं ॲप आणि हातवारे यांवर आमचं बोलणं चालायचं. तिला पोपटीचे फोटो दाखवले तर ती हसली आणि म्हणाली, आमच्या भागात वातिया करतात, ढेकळांची भट्टी रचून, बटाटे काढल्यावर, कोरड्या दिवसांत. आत्ता पाऊस आहे. पण पाचामांकाचे दगड आहेत, रविवारी या. पाच जण गेलो, प्रत्येकी ८० सोल. तिच्या सासूने बाताँवर मिरची आणि वाकाताय वाटलं. बाताँ म्हणजे पाटाच, फक्त वरवंट्याऐवजी बुडाशी गोल असलेला मोठा दगड दोन्ही हातांनी डोलवत वाटायचं. मला वाटू दिलं. पाऊस आला तेव्हा खड्ड्यावर ताडपत्री धरून आम्ही उभे होतो. माती बाजूला केली आणि जो वास आला, तो माझ्या माहेरच्या अंगणातला होता. आराखड्यातली आजी खरी असू शकत होती. तिला विचारायचे कष्टच मॅडमनी घेतले नव्हते.

परत आल्यावर आठ जणांनी हिशेब मांडला. प्रत्यक्ष खर्च माणशी दीड लाखाच्या आत बसतो. मॅडमनी दोनच ओळींचं उत्तर दिलं: आराखड्यात "तत्सम" लिहिलं होतं, आणि ही मैत्रिणींची वर्गणीची सहल होती, मी विक्रेती नाही. पोलीस चौकीत सांगितलं, बाब दिवाणी आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, मग ग्राहक आयोगात तक्रार. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण बिल नसल्याने, मॅडमनी आम्हाला सहल "विकली" हे सिद्ध करण्यातच तारखा जात आहेत. चॅट, व्हाउचरचे फोटो, बँकेचा उतारा, काकांच्या डॉक्टरांचा कागद, सगळं जोडलंय. आठातल्या तिघांनी तक्रारीवर सही केली नाही. ज्यांच्या ओळखीतून आले होते त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्यांच्यावर माझा राग नाही, पण वाईट वाटतं.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की जा की नको ते मी सांगत नाही, मॅडमना फक्त दोन गोष्टी विचार: कंपनीच्या नावाने चेक देऊ का, आणि जॉर्जियातली कंपनी कोण? तिने विचारलं आणि आलेलं उत्तर मला पुढे पाठवलं: "विश्वास नसेल तर राहू दे गं, वेटिंगला बारा जणी आहेत." ऑक्टोबर २०२३ चं माझं चॅट काढून पाहिलं. चेकचं विचारल्यावर मला आलेल्या उत्तरात वेटिंगला नऊ जणी होत्या.