बिगिनर ड्रिफ्ट डे, वर्धा रोड: गाडी शिकवणारीने गाडी शिकून लिहिलेला रिव्ह्यू

मी नागपूरला प्रतापनगरमध्ये मोटार ट्रेनिंग स्कूल चालवते. लायसन्स हातात पडलं की पोरं परत येतात आणि विचारतात, "मॅडम, ड्रिफ्टिंग शिकवता का?" आजवर नाहीच म्हणत आले, कारण ती विद्या माझ्याकडे नव्हती. आणि रात्री मिहानकडच्या रिकाम्या रस्त्यांवर स्विफ्टचा हँडब्रेक ओढून जे चालतं, त्याला शिकणं म्हणायची माझी तयारी नाही. म्हणून बुटीबोरीच्या अलीकडे आत असलेल्या या मैदानावर स्वतः नाव नोंदवलं. पैसे वसूल झाले, आणि ते मुख्यतः इथल्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे.

सकाळी पहिला तास कोणालाच गाडीत बसू देत नाहीत. बरोबरची कॉलेजची पोरं चुळबुळत होती, मला मात्र इथेच भरवसा वाटला. ड्रिफ्टमध्ये मागच्या टायरची पकड मुद्दाम सोडवायची असते आणि गाडी तशीच तिरकी, ताब्यात ठेवून वळवायची असते. त्यासाठी इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळायला हवी. आपल्या वॅगन आर, स्विफ्ट, आय-ट्वेंटी सगळ्या पुढची चाकं ओढणाऱ्या. हँडब्रेक ओढला की त्यांचं मागचं अंग एकदा घसरतं, पण ॲक्सिलरेटरवर ती घसरण टिकवता येत नाही. हे शिकवणाऱ्या दादाने जमिनीवर खडूने चार चाकं काढून इतकं स्वच्छ समजावलं की तो खडू मी आता माझ्या क्लासमध्येही आणलाय. हा प्रकार जपानच्या घाटरस्त्यांवर वाढला, केइची त्सुचिया या जपानी रेसरने तो गाजवला आणि २००१ साली तिथे डी-वन ग्राँप्री ही स्पर्धा सुरू झाली, एवढा इतिहास सांगून तो थांबला.

शिकायची गाडी म्हणजे जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मागच्या चाकांवर चालणारी, लिव्हरचा हँडब्रेक असलेली. नव्या गाड्यांतला बटणाचा पार्किंग ब्रेक या कामाला चालत नाही. आतून सगळं रिकामं केलेलं: बाटली नाही, मोबाइल नाही, पायाखाली मॅटसुद्धा नाही. फायर एक्स्टिंग्विशर सीटजवळ घट्ट बसवलेला. हेल्मेट सक्तीचं, काचा वर. डीएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बंद करायचं बटण नुसतं दाबून भागत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. अर्धवट बंद राहिलं तर गाडी ऐन घसरताना स्वतःच पॉवर कापते. दर वेळी ड्रायव्हर बदलला की दादा डॅशबोर्डवरचा दिवा स्वतः वाकून बघायचा. अशी माणसं मला आवडतात.

टँकरने जमीन ओली करून ठेवतात. यामागे विचार आहे. ओल्यावर पकड कमी वेगात सुटते, त्यामुळे सगळं सायकलच्या वेगात घडतं आणि डोक्याला विचार करायला वेळ मिळतो. टायरही वाचतात. मधोमध एक कोन, त्याभोवती पहिल्या गिअरमध्ये गोल फिरायचं आणि मग ॲक्सिलरेटर थोडा जास्त द्यायचा. मागचं अंग बाहेर निघतं. आता स्टिअरिंग घसरण ज्या बाजूला आहे त्या बाजूला द्यायचं, पण ओढायचं नाही. हात सैल ठेवले की पुढची चाकं बरीचशी आपणहून त्या दिशेला जातात, स्टिअरिंग तळव्यातून सरकू द्यायचं आणि योग्य जागी पकडायचं. अंगठे आतल्या दांड्यांमध्ये अडकवायचे नाहीत, स्टिअरिंग झटक्याने फिरलं तर अंगठा दुखावतो.

मी कोनाकडे आणि बोनेटकडे बघत होते. बाजूच्या सीटवरून आवाज आला, "ताई, तुम्ही बोनेटकडे पाहून राहिल्या. जिकडे जायचं आहे तिकडे पाहा न जी." मान वळवली, नजर पुढच्या वळणावर टाकली, आणि हात आपोआप हिशोबात आले. माझ्या विद्यार्थ्यांना मी रिव्हर्स पार्किंगला हेच सांगत असते. नजर गेली की गाडी जाते, इतक्या घसरणीतसुद्धा.

सगळ्यात अवघड काय, तर घाबरून पाय उचलणं थांबवणं. ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची घसरण आणखी बिघडते. आणि घसरणीच्या बाजूला दिलेलं स्टिअरिंग तसंच राहून मागच्या टायरला अचानक पकड आली, तर गाडी दुसऱ्या बाजूला जोरात फेकली जाते. बाहेर खांबाला धडकणारे बहुतेक याच झटक्यात जातात, असं मला आता ठाम वाटतं. म्हणून इथे आधी थांबायला शिकवतात: हाताबाहेर गेलं की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण खाली, गाडी थांबेपर्यंत. ऑटोमॅटिकला फक्त ब्रेक. हे प्रत्येकाकडून इतक्यांदा करून घेतात की पाय विचारायला थांबत नाही. त्यानंतर मग गोल, मग आठाचा आकडा, आणि शेवटी हँडब्रेकने वळणात शिरणं. क्लच किक, म्हणजे क्लच झटक्यात दाबून सोडून मागची चाकं घसरवणं, हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या मॅन्युअल काँटेसावर दाखवतात, हातात देत नाहीत. पहिल्या दिवशी तेच योग्य आहे.

काँटेसाबद्दल दोन शब्द हवेतच. तिचं डिफरेन्शियल, म्हणजे वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, वेल्डिंग करून बांधलेलं आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. साध्या डिफरेन्शियलमध्ये आतलं हलकं झालेलं चाक रिकामं गरगरतं आणि ताकद वाया जाते. बांधलेल्या डिफरेन्शियलची गाडी साध्या रस्त्यावरच्या वळणांना कुरकुरते, म्हणून ती इथे ट्रेलरवर आणतात. वडिलांच्या काळात सीताबर्डीत काँटेसा दिसली की लोक वळून बघायचे. तिला असं तिरकं, पाण्याचे तुषार उडवत जाताना बघून माझे डोळे भरून आले.

आता तक्रारी. दिवसाचे ९,५०० रुपये सांगतात, पण मागचे टायर कापडापर्यंत झिजले तर वेगळे पैसे, हे तिथे गेल्यावर कळतं. बुकिंगलाच लिहायला हवं. सावलीला एकच ताडपत्री आहे. महिलांसाठी नीट स्वच्छतागृह नाही, आणि हे मी तिथे तोंडावर सांगितलं. गटात माणसं जरा जास्त घेतात, त्यामुळे दुपारी थांबणं फार होतं. जेवण ठीक.

पालकांसाठी मुद्दाम लिहिते. सार्वजनिक रस्त्यावर हे केलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोरगा अल्पवयीन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकालाच २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोराला एवढीच आवड असेल तर इथे आणून सोडा, तुम्हीही बाजूला उभे राहून बघा. मैदानावर तुमची स्वतःची गाडी उतरवणार असाल तर पॉलिसी आधी वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी साध्या मोटार विम्यात धरत नाहीत.

लायसन्स पक्कं झालेलं आणि हायवेवर थोडा हात बसलेला असेल तरच या. डिसेंबर-जानेवारीचा सकाळचा स्लॉट मागा. मार्चनंतर नागपूरच्या उन्हात ओली केलेली जमीन बघता बघता कोरडी होते आणि हेल्मेटमध्ये जीव नकोसा होतो. बुकिंग करताना दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: टायरचे पैसे किती आणि त्या दिवशी गटात किती जण.