पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहा

जानेवारी २०२३ मध्ये मी २ लाख ८५ हजारांना एक वापरलेली वॅगनआर घेतली. ती गाडी दीड वर्षापूर्वी चिपळूणच्या पुरात बुडालेली होती, हे मला जुलैत कळलं. मधले सहा महिने मी त्याच गाडीतून बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेत होते. पैसे गेले त्यापेक्षा या गोष्टीचा राग जास्त आहे, आणि म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. तुमच्यापैकी कुणी दोन-तीन लाखांत जुनी गाडी बघत असेल, तर पाच मिनिटं काढून वाचा.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. डायलिसिस झाल्यावर बाबांना धड उभं राहवत नाही. त्यात कॅबवाला ‘लोकेशनवर आलोय’ म्हणून राइड रद्द करायचा, आणि रिक्षात त्यांना प्रत्येक खड्डा लागायचा. मी पतसंस्थेत नोकरी करते. एक एफडी मोडून ३ लाख हाताशी आले होते आणि कर्ज काढायचं नव्हतं. एवढंच बजेट.

गाडी महामार्गाच्या सर्व्हिस रोडला लागून असलेल्या एका प्लॉटवर पाहिली. पंधरा-वीस गाड्या पुसून ओळीत लावलेल्या. तिथला एजंट म्हणाला, “ताई, डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल ओनर. घर ते दवाखाना, बास. साहेब आता कोकणातून पुण्याला शिफ्ट झालेत.” पासिंग एमएच ०८ चं, म्हणजे रत्नागिरीचं, त्यामुळे ते पटलंही. २०१८ चं मॉडेल, दोन एअरबॅग, मीटरवर ३८ हजार किलोमीटर. कोरी सीट कव्हरं, कोरं मॅटिंग, आत सेंटचा दरवळ. तसलीच गाडी बाकीचे साडेतीन लाखांच्या पुढे सांगत होते. ही स्वस्त का, असं मी विचारलं. साहेबांना नवीन घ्यायचीय, अर्जंट आहे, असं उत्तर मिळालं.

मी म्हटलं, उद्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन येते. तो हसून म्हणाला, “आणा ना ताई, बिनधास्त आणा. फक्त संध्याकाळी एक पार्टी टोकन घेऊन येतेय. मग गाडी धरून ठेवता येणार नाही.”

मी तिथेच १० हजार टोकन दिलं. दोन दिवसांनी उरलेले पैसे दिले आणि १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही केली. त्यात ‘गाडी जशी आहे तशी पाहून, तपासून घेतली’ असं एक वाक्य होतं. ते मी वाचलं होतं. सगळ्यांच्याच कागदात असतं, असं त्याने सांगितलं आणि मी मान डोलावली.

उन्हाळाभर गाडी छान चालली. एकच काम अडलेलं होतं, आरसी माझ्या नावावर होत नव्हती. दर पंधरा दिवसांनी फोन केला की ‘फाइल आरटीओत आहे, गर्दी आहे’ हेच उत्तर. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि गाडीत ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. काचा बंद असताना जास्त. मला वाटलं कुठूनतरी पाणी झिरपतंय. मग एक दिवस डाव्या बाजूची काच आपोआप खाली गेली. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजेना, तिसऱ्या दिवशी वाजायला लागला.

जुलैत एका रविवारी मी आणि बाबा गावाहून परत येत होतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतार लागतो, तो रस्ता पुणेकरांना सांगायला नको. मागे ट्रक, बाजूला कंटेनर, वरून पाऊस. त्या उतारावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, एकदम विझले आणि इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेक दोन वेळा लागला, तिसऱ्यांदा पायाखाली नुसतं लाकूड. वायपर अर्ध्यावर थांबलेले. मी हँडब्रेक ओढत ओढत गाडी कशीबशी डावीकडे घेतली. इमर्जन्सीचे दिवेही लागत नव्हते. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी एका हाताने माझा खांदा धरला होता आणि दुसरा, डायलिसिसच्या सुया टोचतात तो फिस्टुलाचा हात, छातीशी जपून ठेवला होता.

गाडी टो करून आमच्या जवळच्या गॅरेजवर नेली. तिथले चाचा तीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरचा दरवाजा उघडून वाकले, वास घेतला आणि म्हणाले, “बेटा, पहिले सीट काढतो.”

सीटचे बोल्ट सुटता सुटेनात. वरून काळा स्प्रे मारला होता, पाना लावल्यावर त्याची पापुद्री निघाली आणि खाली निव्वळ गंज. सीट बाहेर आली, नवं मॅटिंग उचललं. खाली कंपनीचं मूळ कार्पेट तसंच होतं आणि त्याच्या खालचा फोम मुठीत दाबला तर पाणी निघत होतं. पत्र्याच्या खाचांमध्ये बारीक, चाळलेल्या पिठासारखी माती. गिअरशेजारी जमिनीलगत एअरबॅगचा कंट्रोलर असतो. त्याच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या झाल्या होत्या, तांब्याच्या न घासलेल्या भांड्यासारख्या. चाचांनी बॅटरीची वायर तात्पुरती लावून चावी फिरवली आणि मला मीटरकडे बघायला सांगितलं. चावी ‘ऑन’ केली की एअरबॅगचं चिन्ह काही सेकंद लागतं आणि मग विझतं, तसंच व्हायला हवं. आमच्या गाडीत ते लागलंच नाही. सिस्टिम मेलेली असली की तो दिवा सतत लागून राहतो आणि गिऱ्हाइकाला कळतं, म्हणून कुणीतरी दिवाच काढून टाकला होता. म्हणजे सहा महिने माझ्या बाबांच्या समोर एअरबॅग होती ती फक्त डॅशबोर्डवर छापलेली अक्षरं.

मग त्यांनी सीटबेल्ट ओढला. आपण ओढतो तेवढा नाही, पूर्ण, गुंडाळी संपेपर्यंत. वरचा भाग स्वच्छ राखाडी. शेवटचा हातभर पट्टा तांबूस, कडक, आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ. तो भाग खांबाच्या तळाशी रिळात गुंडाळलेला असतो, त्यामुळे धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. चाचा म्हणाले, “पूर का पानी. बाकी सब धोते हैं, ये कोई नहीं धोता.”

आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर चिपळूणचं. मी संध्याकाळी मोबाइलवर काढलेला फोटो त्यांना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. “हा आमचाच गाळ गं,” म्हणाल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली तेव्हा त्यांच्या भावाचा तळमजला अख्खा गेला होता. पाणी ओसरल्यावर आठ दिवस हाच चिखल फावड्याने बाहेर काढत होते. फोटोवरून माती ओळखता येते का, ते मला माहीत नाही. पण काकूंचा शब्द नंतर खरा निघाला.

गाडीचा नंबर घेऊन मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर गेले. ही गोष्ट गाडी घेण्याआधी करायची असते. शेवटची नोंद मे २०२१ ची, ६१ हजार किलोमीटरची. म्हणजे मीटर २३ हजारांहून जास्त मागे नेलेलं. त्यानंतर पुढे काहीच नाही. नियमित सर्व्हिसिंग होणारी गाडी एकदम दीड वर्ष गप्प झाली, तर त्या दीड वर्षात काय झालं हे विचारलंच पाहिजे.

तिथल्या एका भल्या माणसाने मूळ मालकांना फोन लावून दिला. ते डॉक्टर नव्हते, किराणा दुकानदार निघाले. पुण्याशी काही संबंध नाही. गाडी छतापर्यंत बुडाली होती, विमा कंपनीने टोटल लॉस धरून पैसे दिले आणि गाडी भंगार म्हणून लिलावात गेली. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की तसं करतात, त्यात बेकायदा काही नाही. त्यांनी ट्रान्स्फरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि विषय संपला असं समजले. गाडी अजून त्यांच्याच नावावर पुण्यात फिरतेय, हे ऐकून ते घाबरलेच. घाबरायला कारणही आहे. अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणजे नवले पुलाच्या त्या उतारावर माझ्या हातून कुणाला धक्का लागला असता, तर नोटीस चिपळूणच्या त्या दुकानदाराच्या घरी गेली असती.

गाडी विकणाऱ्यांनो, कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या देऊन मोकळे होऊ नका. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं तुमचं काम आहे, आणि ३० दिवसांत नावावर करून घेणं घेणाऱ्याचं. माझे सहा महिने कसे गेले, ते मी वर सांगितलंच आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करता येते. प्लॉटवर पाय ठेवल्यावर आधी ते प्रमाणपत्र मागा.

विम्याचाही कागद मी नीट बघितला नव्हता. एजंटने दिलेली पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची होती, आणि तीही मला गाडी विकायच्या जेमतेम महिनाभर आधी काढलेली. मागची फुल पॉलिसी मागायला हवी होती. तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातली सूट, लिहिलेला असतो. क्लेम नसेल तर तो २० टक्क्यांपासून दरवर्षी चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. पॉलिसी ९० दिवसांहून जास्त बंद पडली तरी तो जातो, त्यामुळे शून्य दिसलं म्हणजे लबाडीच असं नाही. पण पाच वर्षांच्या ‘सिंगल ओनर, नो अॅक्सिडेंट’ गाडीला बोनस का नाही, हे विचारायला काय हरकत आहे? विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा.

एजंटला फोन केला तर आधी तो स्टॅम्पपेपरवरचं वाक्य वाचून दाखवायला लागला, मग फोन उचलणंच बंद. पोलीस चौकीत तक्रार अर्ज दिला. पैशांसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. हे पुष्कळांना माहीत नसतं: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून विचारून घ्या. चाचांनी कापून दिलेला पट्टा, सीटचे बोल्ट आणि सर्व्हिस रेकॉर्डची प्रत मी जपून ठेवली आहे. ‘जशी आहे तशी’ लिहून घेतलं म्हणून मीटर मागे फिरवायची आणि पूर लपवायची परवानगी मिळत नाही, एवढंच माझं तिथे म्हणणं आहे. तारखा चालू आहेत.

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीला गाडी घ्यायची होती. बजेट साडेतीन लाख. मी आणि चाचा तिच्याबरोबर गेलो. चाचा तपासणीचे हजार रुपये घेतात, आणि ते आम्ही घरून निघतानाच दिले, म्हणजे गाडी घेतली काय, नाही घेतली काय, त्यांना फरक पडत नाही. आदल्या रात्री एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा बघितला होता. ई-चलान वेगळं तपासलं, ४ हजारांची थकबाकी निघाली.

तिथे पोचल्यावर मी थेट मागचा पट्टा ओढला, शेवटापर्यंत. स्वच्छ. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा खळगा बघितला. कोरडा, गंज नाही. चार टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. त्यावरून चारही टायर बदललेले दिसले, आणि विकणारा तर गाडी ४० हजारच चाललेली सांगत होता. ब्रेकचं पेडल एका कडेला झिजून गुळगुळीत. मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली.

चाचा बोनेटजवळ उभे होते. त्यांनी उघडायच्या आधी वरून तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. आम्ही सकाळी आठला येतो, गाडी चालू करू नका, असं फोनवर तीनदा सांगितलं होतं. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना कसं उठतं, धूर काढतं का, खडखडतं का, ते ऐकायचं असतं.

“गरम आहे,” चाचा म्हणाले.

विकणारा म्हणाला, आत्ताच धुवायला बाहेर काढली होती. गाडी कोरडी होती, टायरवर धूळ होती. संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे, असंही त्याने सांगितलं. मैत्रिणीने पर्सची चेन लावली आणि आम्ही तिघं रिक्षा बघायला रस्त्यावर आलो.