इतवारीतला ज्येष्ठमध: काडी घ्या, भुकटी नको

नागपूरच्या इतवारी बाजारात, किराणा ओळीत नुसता ज्येष्ठमध मागितला की बहुतेक वेळा भुकटीचाच डबा उघडतो. ‘मुलेठी काडी, सालीची’ असं स्पष्ट सांगायचं. सोललेली काडी दिसायला छान असते, पण सालीवरून माल ओळखता येतो, ती खूणच गेलेली असते. भुकटीत तर सगळंच झाकलं जातं: जुना माल, भुसा, गुंजेच्या मुळाची भेसळ. चिमूटभर भुकटी पाण्यात हलवून फेस आला नाही तर ती सरळ परत करा. फेस आला म्हणून मात्र शुद्ध समजू नका.

करंगळीएवढी जाड, उभ्या सुरकुत्यांची तपकिरी काडी निवडा आणि तिथेच मोडून बघा. टोकाला दोरे सुटले पाहिजेत, आतला रंग पिवळा हवा, बारीक धूळ उडाली तर उत्तम. आत काळे डाग किंवा कुबट वास असेल तर माल ओलीत राहिलेला आहे. चावल्यावर गोडी सावकाश येते आणि बराच वेळ जिभेवर रेंगाळते. ती साखरेची नव्हे, मुळातल्या ग्लिसिरायझिन या गोड द्रव्याची.

चिनी वैद्यकात हेच मूळ ‘गानत्साव’, म्हणजे गोड गवत. तिथे बहुतेक युरालेन्सिस जातीचं वापरतात, आपल्याकडे मिळतं ते ग्लाब्रा. चिनी औषधकोशात दोन्ही आहेत. इतर औषधांचा मेळ घालतं म्हणून तिकडे त्याला राज्यातल्या वडीलधाऱ्याचा मान आहे, आणि तो मान त्याला शोभतो. त्यांची मधात भाजण्याची रीत घरीही जमते. १०० ग्रॅम चकत्यांना २५ ग्रॅम मध थोड्या गरम पाण्यात कालवून चोळा, मुरू द्या, मग मंद आचेवर हाताला चिकटेनाशा होईपर्यंत परता. आच वाढली की मध करपतो आणि सगळं कडू होतं.

काढ्यासाठी ३ ग्रॅम भरड २ कप पाण्यात अर्धा तास भिजवून, मंद आचेवर १ कप उरेपर्यंत आटवा. भांडं मोठं घ्या, फेस भसकन वर येतो. बसलेल्या घशाला हा काढा खरंच बरा.

आता महत्त्वाचं. चूर्णाची दिवसाची मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे, त्यापुढे जाऊ नका. रोज, आठवडेच्या आठवडे घेतल्यास शरीरात मीठपाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

एका वेळी १०० ग्रॅम पुरे. नागपूरच्या उन्हाळ्यात काडी कशीही टिकते. पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीतच ठेवा, नाहीतर कीड लागते आणि बरणीच्या तळाशी पिवळा भुगा साचतो.