विहिरीवर लावलेला वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर, चार महिने वापरून

कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला मामांच्या विहिरीवर हा सेन्सर जूनमध्ये बसवला, पाण्याची पातळी मोजून ती घरात आवाजात ऐकवायची म्हणून. हा कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यावर सोडतो आणि इको, म्हणजे प्रतिध्वनी, किती वेळात परत येतो त्यावरून अंतर काढतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचं ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, पण पाणी चढताना पोटात जी धाकधूक होते ती आकड्यात येत नाही, मला ती पाहिजे होती. रीडिंग ईएसपी३२ ह्या छोट्या वायफाय बोर्डावरून लॅपटॉपवर येतं, तिथं प्युअर डेटा हे फुकटचं सॉफ्टवेअर त्याचा स्वर करतं. १० सेंटिमीटर पाणी चढलं की तानपुऱ्यासारख्या आवाजात भूप रागातला पुढचा स्वर, सा रे ग प ध आणि मग वरचा सा. आधी नुसता बीप ठेवलेला, तो कुणालाच सहन होईना.

सेन्सर तीनशेच्या आसपास मिळाला. पावसात चार महिने टिकला, ह्याला पैकीच्या पैकी. पण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला मोजता येत नाही, म्हणून काठापासून उंच लोखंडी अँगलवर लावा. विहिरीच्या दगडी पायऱ्यांवरून पण इको परत येतो आणि स्वर मधेच उडी मारतो, मी ९ रीडिंग घेऊन मधलं धरतो, आता शांत आहे. सेन्सरच्या इको पिनवर ५ व्होल्ट येतात, ईएसपीला ३.३ च चालतात, व्होल्टेज कमी करायला मधे दोन रेझिस्टर घालाच.

एका गोष्टीनं मात्र लई छळलं. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी स्वर चढायचा, जाऊन बघितलं तर पाणी जागच्या जागी. हवा तापली की आवाज जोरात पळतो, डिग्रीला सेकंदाला ०.६ मीटर, म्हणजे इको लवकर परत येतो आणि सेन्सरला वाटतं पाणी वर आलंय, १० डिग्रीच्या फरकानं ३ मीटरला ५ सेंटिमीटर चूक. शेजारी टेंपरेचर सेन्सर लावून हिशोब दुरुस्त केला.

जुलैत एका रात्री दीडच्या सुमाराला प चा ध झाला, मामा अंथरुणात उठून बसले, म्हणाले "पाणी चढाय लागलंय बघ." २०१९ च्या महापुरात ह्याच घरातून गुरं सोडून बाहेर पडायला लागलेलं त्यांना. टॉर्च घेऊन गेलो, खरंच चढलेलं.

सेन्सरची वायर अडीच मीटरच येते, आणि पावसात लाईट आधी जाते, पॉवर बँक जोडूनच ठेवा.