मोफत लॅपटॉप आणि वर्षभराचे इंटरनेट: इंदोऱ्यातील अनुभव

नागपुरातील एका सेवाभावी संस्थेने आमच्या इंदोऱ्यातील मोलमजुरी करणाऱ्या घरांतील मुलांना दुरुस्त केलेले जुने लॅपटॉप आणि वर्षभराचे इंटरनेट मोफत दिले; माझ्या भाचीलाही एक मिळाला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे त्या लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली) टाकलेले आहे, आणि बालभारतीची पीडीएफ पुस्तके वाचण्यासाठी व मराठी टंकलेखनासाठी ते पुरेसे असल्याने हा निर्णय मला शहाणपणाचा वाटला. बॅटरी मात्र जेमतेम टिकते. पत्र्याच्या छपराखाली पंखा घरघरू लागला की भाची यंत्र थेट कूलरसमोर नेऊन ठेवते (ती ओलसर हवा यंत्राला मानवत नाही, हे तिला कोण सांगणार!). वर्षानंतर रिचार्जचा भार कुटुंबावर पडणार, हे अर्जावर ठळक अक्षरांत छापायला हवे होते.