मुंबई पाहताना पास घ्यावा, ‘मुंबई दर्शन’ बस धरावी की सुटी तिकिटे काढावीत?

शाळांना मे महिन्याची सुट्टी लागली किंवा दिवाळी जवळ आली की राज्यभरातून माणसे मुंबई पाहायला येतात, आणि बेत आखताना एक प्रश्न हमखास निघतो: सगळ्या ठिकाणांचे मिळून एकच तिकीट काढले तर स्वस्त पडेल का? परदेशातील मोठ्या शहरांत अशा पासांची सोय असते हे आता बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे मुंबईतही तसे काही असेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात संग्रहालये, लेणी आणि वाहने या सर्वांना मिळून चालणारा एकच पास मुंबईत रूढ झालेला नाही. निवड करायची ती तीन गोष्टींतून: लोकल, बस आणि मेट्रो यांचे आपापले ठरावीक मुदतीचे पास, खासगी चालकांच्या ‘मुंबई दर्शन’ बसचे एकरकमी तिकीट, किंवा जिथे जाल तिथे काढायची सुटी तिकिटे. माझे मत असे की ही निवड करताना आधी वेळेचा आणि पायांचा हिशेब मांडावा आणि मग पैशांचा, कारण या शहरात पाहण्यासारख्या गोष्टींना पैसे फार पडत नाहीत, त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात मात्र दिवस जातो.

प्रवेशशुल्कात वाचण्यासारखे काय आहे?

१९२४ साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन आणि त्याच्या समोरचा म्हातारीचा बूट, गावदेवीतील मणिभवन, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, वांद्र्याचा किल्ला यांपैकी कुठेही आत जायला पैसे लागत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि ती समोरच्या पदपथावर उभे राहून मनसोक्त पाहता येते. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या दगडी इमारती आहेत, तर दुसऱ्या अंगाला आर्ट डेको शैलीतल्या घरांची गोलाईदार सज्जे असलेली रांग आहे. २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेला हा सगळा परिसर गेटवेपासून चर्चगेटपर्यंत रमतगमत चालत गेल्यास वाटेतच लागतो.

जिथे तिकीट आहे, तिथेही ते जड नाही. घारापुरीच्या लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे शुल्क भारतीय पर्यटकास ४० रुपये आणि कान्हेरीसाठी २५ रुपये आहे, आणि दोन्हीकडे १५ वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, आई, वडील आणि दोन लहान मुले अशा चौघांचे मिळून १०० रुपये होतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने एक दिवस घारापुरीला आणि एक दिवस राणीच्या बागेत घालवला, तर दोन्ही दिवसांचे प्रवेशशुल्क १८० रुपये होते. यात सवलत ती किती मिळणार? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे तिकीट यापेक्षा महाग आहे हे खरे, पण ते एकच ठिकाण आहे आणि नीट पाहायचे तर त्याला अर्धा दिवस द्यावा लागतो. त्या दिवशी दुसरे काही घाईने उरकण्यासाठी पास घेणे म्हणजे संग्रहालयावरच अन्याय करणे होय. पाहुणे परदेशी नागरिक असतील तर गणित बदलते, कारण घारापुरीला त्यांच्यासाठी ६०० रुपये आकारले जातात, तरीही तो खर्च एका ठिकाणापुरताच राहतो.

घारापुरीचा खरा खर्च लेण्यांच्या तिकिटात नसून वाटेत आहे, आणि एकत्रित सहलीचे तिकीट घेताना लोक नेमके इथेच चकतात. गेटवेच्या धक्क्यावरून लॉन्चचे जाण्यायेण्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. वरच्या डेकवर बसायचे असेल तर जिन्यापाशी उभा असलेला माणूस त्याचे आणखी पैसे घेतो. बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत चालायचे नसेल तर छोट्या गाडीचे तिकीट आहे, ग्रामपंचायतीचा कर वेगळा आहे, आणि पायऱ्या चढून वर गेल्यावर पुरातत्त्व खात्याची खिडकी येते. म्हणून कोणी ‘घारापुरीसह’ असे सांगून एकरकमी दर लावला, तर त्यात फक्त लॉन्च आहे की हे सगळे टप्पे आहेत, ते विचारूनच पैसे द्यावेत. लेण्यांचे तिकीट घरी बसून ऑनलाइन काढता येते, त्यामुळे रांग टाळण्यासाठी म्हणून वेगळे पैसे मोजण्याची गरज उरत नाही.

लोकल, बस आणि मेट्रोचे पास

उपनगरी रेल्वेचे पर्यटक तिकीट एक, तीन किंवा पाच दिवसांचे मिळते, आणि त्यावर पश्चिम, मध्य आणि हार्बर या मार्गांवर कितीही वेळा प्रवास करता येतो. दुसऱ्या वर्गाचे एका दिवसाचे तिकीट पाऊणशे रुपयांच्या आसपास पडते. आता साधे भाडे पाहावे: चर्चगेट ते अंधेरी १० रुपये आणि चर्चगेट ते बोरिवली १५ रुपये. पाऊणशे रुपये वसूल होण्यासाठी बोरिवलीच्या एका दिवसात पाच फेऱ्या कराव्या लागतील, आणि मुंबई पाहायला आलेला कोणताही शहाणा माणूस तसे करणार नाही. बहुतेक पाहुण्यांचा दिवस एक जाणे, एक येणे आणि मध्ये फार तर एखादा टप्पा एवढाच असतो. एका दिवसासाठी दुसऱ्या वर्गाचे पर्यटक तिकीट घेणे त्यामुळे तोट्याचेच ठरते.

पाच दिवसांचे तिकीट मात्र दीडशे रुपयांच्या आत येते. जे ठाण्याला, कल्याणला किंवा वसईला नातेवाइकांकडे उतरले आहेत आणि रोज मुंबईत येणार आहेत, त्यांचे पैसे त्यात निघतात, शिवाय दादरसारख्या स्थानकात प्रत्येक वेळी खिडकीसमोर उभे राहणेही टळते. पहिल्या वर्गाचा हिशेब आणखी वेगळा आहे. चर्चगेट ते बोरिवली पहिल्या वर्गाचे एकेरी भाडे ८५ रुपये आहे, तर त्याच वर्गाचे एका दिवसाचे पर्यटक तिकीट अडीचशेच्या आसपास आहे, म्हणजे तीन लांब फेऱ्यांत बरोबरी होते. वयस्क माणसे बरोबर असतील आणि दिवसात बरेच फिरणे असेल, तर मी हे तिकीट घ्यायला सांगेन. दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्याव्यात. साध्या पर्यटक तिकिटावर एसी लोकलमध्ये बसता येत नाही. आणि पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असले तरी बसायला जागा मिळेलच असे नाही: सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत मुलांना घेऊन चढणे धोक्याचे आहे. पासाचे पैसे वसूल करायचे म्हणून संध्याकाळी सहा वाजता चर्चगेटला गाडी पकडणारी कुटुंबे दिसतात, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. तो तास मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून काढावा आणि गर्दी ओसरल्यावर निघावे.

बेस्टची भाडेवाढ मे २०२५ मध्ये झाली. साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये आणि एसी बसचे ६ वरून १२ रुपये झाले, तर दिवसाचा पास ७५ रुपयांचा झाला. सुट्या तिकिटांचे दर दुप्पट झाले आणि पास त्या मानाने थोडाच वाढला, त्यामुळे हा पास आता पूर्वीपेक्षा अधिक फायद्याचा झाला आहे. तरीही जवळच्या टप्प्यांच्या सात-आठ फेऱ्या झाल्या तरच पैसे निघतात. रेल्वेच्या रुळांपासून दूर असलेली ठिकाणे एका दिवसात जोडायची असतील, म्हणजे मलबार हिल, गावदेवी, हाजी अली, वरळी आणि प्रभादेवी असा बेत असेल, तर बसचा पास इतर कोणत्याही पासापेक्षा कामाचा आहे. या पट्ट्यात चढ-उतार करत हवे तिथे उतरता येते, आणि चुकीच्या थांब्यावर उतरलात तरी पुढच्या बसला वेगळे पैसे पडत नाहीत. नवख्या माणसाला ही निश्चिंती फार मोलाची असते.

मेट्रोच्या बाबतीत एक ठळक सावधगिरी बाळगावी लागते. पश्चिम उपनगरांतील मेट्रो २ अ आणि ७ या मार्गांवर एका दिवसाचा ८० रुपयांचा आणि तीन दिवसांचा २०० रुपयांचा अमर्याद प्रवासाचा पास आहे, पण तो मेट्रो ३ वर चालत नाही, कारण हे मार्ग वेगवेगळ्या संस्था चालवतात. पर्यटकाच्या दृष्टीने मोलाची आहे ती नेमकी मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत सुरू झाली, आणि सिद्धिविनायक, विज्ञान केंद्र, महालक्ष्मी, सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट ही स्थानके एकाच मार्गावर आली. तिचे भाडे १० ते ७० रुपये असून दिवसातून दोन-तीनदा बसायचे तर सुटे तिकीटच पुरते. त्याच महिन्यात आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर लोकल, मेट्रो आणि बस यांची तिकिटे एकत्र काढता येतात. ही सोय चांगली आहे, पण तो पर्यटकांचा पास नव्हे, हे लक्षात असावे.

‘मुंबई दर्शन’ बस कोणासाठी?

या बसचे तिकीट म्हणजे मुंबईतल्या मुंबईत पासाला सर्वांत जवळची गोष्ट. सकाळी बसायचे, एका दिवसात गेटवेपासून जुहूपर्यंतची ठिकाणे पाहायची आणि संध्याकाळी उतरायचे. ज्यांच्याकडे खरोखर एकच दिवस आहे, ज्यांना शहराची काही माहिती नाही आणि ज्यांच्याबरोबर जिने चढउतार न झेपणारी माणसे आहेत, त्यांनी खुशाल ही बस धरावी. गुडघेदुखीने हैराण असलेल्या माझ्या मावशींना मी याच बसने पाठवले होते, आणि त्यांना स्थानकांवरचे पूल चढवत फिरवण्यापेक्षा ते कितीतरी बरे झाले.

मात्र आपण कशाचे पैसे देत आहोत हे स्पष्ट असावे. बहुतेक वेळा तिकिटात फक्त वाहन आणि माहिती सांगणारा माणूस येतो, प्रवेशशुल्क ज्याचे त्याने भरायचे असते. यादीत बारा-पंधरा नावे असतात, पण त्यांपैकी निम्मी ठिकाणे खिडकीतून दाखवली जातात: डावीकडे हे, उजवीकडे ते, अमक्या नटाचा बंगला, आणि गाडी पुढे. जिथे उतरवतात तिथे “वीस मिनिटं, बरोबर वीस मिनिटांत बसपाशी” अशी सूचना असते. वीस मिनिटांत हँगिंग गार्डन पाहून होते, पण वस्तुसंग्रहालयाच्या तळमजल्यावरची शिल्पेसुद्धा होत नाहीत. म्हणून पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: उतरण्याची ठिकाणे कोणती, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, आणि शुल्क आत आहे की बाहेर. तारापोरवाला मत्स्यालय काही वर्षांपासून पर्यटकांसाठी बंद आहे. एखाद्याच्या छापील यादीत ते अजूनही दिसले, तर बाकीची यादीही तितकीच जुनी असणार असे समजावे.

चौघांच्या कुटुंबाने बसच्या चार तिकिटांची बेरीज आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा अंदाज शेजारी शेजारी मांडून पाहावा. टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. दक्षिण मुंबईतल्या दक्षिण मुंबईत चौघांनी तीन-चार टप्पे टॅक्सीने केले, तर खर्च आवाक्यात राहतो आणि घड्याळ आपल्या हातात राहते. एकट्या माणसाला हे परवडत नाही. त्याच्यासाठी बेस्टचा पासच बरा.

वार पाहूनच मुदत ठरवावी

सलग दिवसांचा कोणताही पास घेताना साप्ताहिक सुट्ट्या आधी पाहाव्यात. सोमवारी घारापुरी बंद असते, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी बंद असते, आणि नेहरू तारांगणही बंद असते. बुधवारी राणीची बाग आणि तिच्या आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असते. मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणाऱ्याने अर्धा दिवस रांगेसाठी धरावा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लॉन्च बंद ठेवल्या जातात, म्हणून जून ते सप्टेंबरात घारापुरीचे आगाऊ पैसे भरलेले तिकीट मी तरी घेणार नाही. रविवार-सोमवार-मंगळवार असा बेत असेल, तर तीन दिवसांच्या पासातल्या सोमवारी घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही हुकतील.

तीन दिवस मुंबईत राहणाऱ्या कुटुंबासाठी मी असा बेत सुचवेन. पहिला दिवस गेटवे, वस्तुसंग्रहालय, ओव्हल आणि मरीन ड्राइव्ह, सगळे पायी, कोणताही पास न घेता. दुसरा दिवस घारापुरीचा, सकाळच्या लॉन्चने, सुट्या तिकिटांवर. तिसऱ्या दिवसाचा निर्णय आवडीवर ठेवावा: मलबार हिल ते प्रभादेवी हा पट्टा निवडला तर सकाळी पहिल्याच बसमध्ये वाहकाकडे दिवसाच्या पासाची चौकशी करावी, आणि कान्हेरी निवडली तर बोरिवलीचे साधे परतीचे तिकीट काढून गर्दीच्या उलट दिशेने सकाळी लवकर निघावे, कारण उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत आणि ऊन चढण्यापूर्वी तिथे पोहोचलेले चांगले.