आराखडा स्पर्धा की खरी विक्री? नाशिकच्या शाळांनी नववी-अकरावीसाठी काय निवडावं

शाळा सुरू होऊन वेळापत्रक स्थिरावलं की शिक्षक-खोलीत विषय निघतो: यंदा मुलांना धंद्याचं काही शिकवायचं, तर व्यवसाय आराखड्याची स्पर्धा घ्यावी, की गटागटाला थोडं भांडवल देऊन सरळ विकायलाच बसवावं? नाव दोन्हींना उद्योजकतेचंच, पण मुलांच्या हाती लागतं ते वेगळं. तिसरा प्रकार म्हणजे आनंद मेळावा. तो बहुतेक शाळांत होतोच, पण पदार्थ आईने केलेले आणि गिऱ्हाईक शाळेतलंच, त्यामुळे बारा वाजेपर्यंत सगळं संपतं. मजा येते, हिशोब कोणी मागत नाही. म्हणून या तुलनेत तो धरलेला नाही.

आराखडा स्पर्धा

घ्यायला सोपी. चार-पाच मुलांचा गट, तयारीला तीन आठवडे, प्रत्येक गटाला पाच मिनिटं मांडायला आणि तीन मिनिटं प्रश्नांना. बारा गट दोन तासांत उरकतात. एकच शिक्षक सांभाळू शकतो, खर्च प्रिंट, प्रशस्तिपत्रं आणि परीक्षकांच्या चहापुरता, आणि कोणाचे पैसे बुडत नाहीत. पाहुण्यांसमोर उभं राहून बोलायचा सराव होतो, तोही कमी नाही.

घोळ होतो तो आकड्यांत. जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत एक वाक्य ऐकू येतं: ‘नाशिकची लोकसंख्या इतकी, त्यातले एक टक्का लोक आले तरी आपला महिन्याचा धंदा एवढा.’ तो एक टक्का कुठून येणार, कॉलेज रोडवरून की सिडकोतून, चालत की आईच्या स्कूटीवरून, याचं उत्तर कोणाकडे नसतं. यावर उपाय एकच. लोकसंख्येचा आकडा मांडायला बंदी घाला आणि त्याऐवजी वीस माणसांच्या नोंदी मागा: सध्या हीच वस्तू कुठून घेता, किती दिवसांनी घेता, शेवटची घेतली तेव्हा किती रुपये मोजले? ‘आमची वस्तू आवडेल का?’ हा प्रश्न नोंदीत नको. शेजारच्या काकू मुलांना कधी नाही म्हणत नाहीत.

दुसरा घोळ अ‍ॅपचा. बारापैकी पाच-सहा गट अ‍ॅप आणतात, कारण चित्रं काढली की झालं आणि परीक्षकही भुलतात. तिसरा भाषेचा. संगणकावरच्या स्लाइड्स आणि फर्डं इंग्रजी असलेला गट पुढे जातो, आणि निफाड-दिंडोरीकडून बसने येणारं, घरात रोज लासलगावचा भाव ऐकत वाढलेलं पोर मागे राहतं. भाव रात्रीत पडतो म्हणजे काय, हे त्याला परीक्षकांपेक्षा चांगलं कळतं. पडदा-प्रोजेक्टर बंद करून प्रत्येक गटाला एकच मोठा कागद आणि मराठीत बोलायची मुभा दिली, तर हा फरक बराच मिटतो.

खरी विक्री

इथे शाळा प्रत्येक गटाला, समजा, 500 रुपये देते आणि चार ते सहा आठवड्यांत मुद्दल परत मागते. नफा गटाचा. तोटा झाला तर तो शाळेने सोसायचा, पण वही आणि बिलं दाखवल्यावरच. ही अट पहिल्या दिवशी पालकांसमोर सांगा, नाहीतर मुलं खिशातून भरपाई करतात आणि तोटा वहीत कधी दिसतच नाही. मोठ्या प्रमाणावर हे दिल्ली सरकारने केलं: सरकारी शाळांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना ‘बिझनेस ब्लास्टर्स’मधून प्रत्येकी 2,000 रुपये बीजभांडवल दिलं. एका शाळेला इतक्या रकमेची गरज नाही. रक्कम मोठी झाली की पालक मध्ये पडतात.

विक्री काय शिकवते ते एका पाकिटावर बघू. तीन मुलं पातळ पोह्यांचा चिवडा करून 100 ग्रॅमच्या पाकिटांत विकणार आहेत. भाव उदाहरणादाखल: पातळ पोहे 1 किलो 70 रुपये, शेंगदाणे 200 ग्रॅम 28, डाळं 150 ग्रॅम 18, खोबऱ्याचे काप 50 ग्रॅम 15, तेल 24, मिरची-कढीपत्ता-मसाला 25. बेरीज 180. मुलं वजन धरतात दीड किलो, म्हणजे 15 पाकिटं, म्हणजे पाकीट 12 रुपयांना पडलं. भाव ठेवतात 15 आणि फळ्यावर लिहितात: नफा 3 रुपये.

प्रत्यक्षात पोहे भाजताना ओलावा जातो, तळाशी चुरा उरतो, एक मूठ चव बघण्यात जाते. पाकिटं भरतात 14. पिशवी आणि लेबल प्रत्येकी 2 रुपये, म्हणजे 28. गॅस 12. एकूण खर्च 220, भागिले 14, म्हणजे पाकीट पडलं साधारण 15 रुपये 70 पैशांना. पंधराला विकलं तर दर पाकिटामागे 70 पैसे खिशातून. भाव 20 केला तर 11 पाकिटं विकल्यावर खर्च निघतो, आणि नफा फक्त शेवटच्या तीन पाकिटांत, 60 रुपये. त्यातली दोन वर्गशिक्षकांना ‘चव बघायला’ दिली, दोन उरली, की धंदा 20 रुपये तोट्यात. आराखडा स्पर्धेत हे गणित कोणी मांडत नाही असं नाही, पण 220 रुपये खरोखर आपल्या हातून गेल्याशिवाय पोरं चुरा मोजत नाहीत.

मजुरी या हिशोबात शून्य आहे. ती शून्यच राहू द्या, पण वहीत ‘तीन जण, दोन तास’ एवढं लिहायला लावा. घरच्या मालाला मात्र शून्य भाव चालणार नाही. घरचा कांदा, घरची द्राक्षं, मामाच्या मळ्यातला टोमॅटो, सगळं त्या दिवशीच्या बाजारभावाने खर्चात धरायचं. हा नियम नसेल तर ज्याच्या घरी शेती तो गट जिंकतो, आणि बेदाण्यासारखा पदार्थ फार स्वस्त वाटू लागतो. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात, हे वहीत दिसलं पाहिजे.

विक्रीच्या अडचणी वेगळ्या. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकायला अन्नसुरक्षेच्या 2020 च्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे वडापाव आणि शीतपेयं आधीच बाद करा. चिवडाही भाजका आणि कमी तेलाचाच हवा. दारोदार फिरून विक्री नको, पालकांचं संमतिपत्र हवंच. मुलं 18 वर्षांखालची असल्याने दुकानदाराशी उधारीचा किंवा पुरवठ्याचा करार त्यांच्या नावाने होऊ शकत नाही. माल रोखीने घ्या. यूपीआयचे पैसे एकाच पालकाच्या खात्यात आले तर त्याच संध्याकाळी उतारा वहीला जोडायचा, नाहीतर चौथ्या दिवशी घरखर्च आणि धंदा एकत्र होतो आणि वेगळा काढता येत नाही.

शिक्षकाचा वेळही जास्त लागतो. बारा गटांच्या वह्या आठवड्यातून एकदा तपासायच्या तर दर वेळी दीड-दोन तास. ते द्यायला कोणी तयार नसेल तर विक्रीच्या फंदात पडू नका.

मग कोणी काय घ्यावं

हाताशी तीन आठवडे आणि एकच शिक्षक असेल तर आराखडा स्पर्धा, वर सांगितलेल्या दुरुस्त्यांसह. अकरावी वाणिज्यचा वर्ग असेल तर विक्रीच घ्या. पुस्तपालन शिकणारी मुलं खऱ्या रोख वहीशिवाय वर्ष काढतात, ही संधी वाया घालवू नये. नववीलाही विक्री जमते. दहावीला यातलं काहीच नको.

आणि दोन्ही करायचं असेल तर क्रम उलटा लावा. बहुतेक ठिकाणी आधी आराखडा, मग विजेत्या गटाला विक्रीची परवानगी असं चालतं. त्यात अकरा गट फक्त टाळ्या वाजवतात. आधी सगळ्या गटांनी दोन शनिवार विकावं, मग त्या अनुभवावर आराखडा लिहावा, आणि स्पर्धा त्याची व्हावी. वेळ दिवाळीच्या सुट्टीआधीचा किंवा संक्रांतीच्या आसपासचा चांगला. परीक्षेच्या आठवड्यात अर्थातच नको.

गुण असे ठेवून बघा: हिशोब वहीला 40, ग्राहकांच्या नोंदींना 25, पहिल्या शनिवारनंतर दुसऱ्याला काय बदललं त्याला 20, बोलण्याला 15. नफ्याला वेगळे गुण ठेवू नका. ठेवलेत तर आत्या-मावश्या दहा-दहा पाकिटं घेऊन जातात. परीक्षकांत एक जण मेन रोडचा दुकानदार किंवा सातपूर-अंबडचा लहान कारखानदार असू द्या. असा माणूस सादरीकरण ऐकत बसत नाही, थेट वही मागतो.

स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक गटाने गल्ला परीक्षकांसमोर उघडायचा. सुरुवातीची रोकड, अधिक विक्री, वजा खर्च, आणि डब्यातली रक्कम. दहा-वीस रुपयांचा फरक निघणारच. तो ‘फरक’ म्हणून लिहायचा आणि पुढे जायचं. ज्या गटाचं सगळं रुपयाला रुपया जुळतं, त्याची वही जरा बारकाईने बघा. ती बहुधा आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेली असते.